गोळ्यांचा वाजणारा डबा: अकरा महिने वापरल्यावर

पाचपैकी तीन तारे. त्यातला एक कुलुपाला, तो का ते पुढं येईलच.

डबा म्हणजे मिसळणाच्या डब्याएवढा गोल, पांढऱ्या प्लास्टिकचा. आत चकतीवर 28 खण. वेळ झाली की चकती एक खण पुढं सरकते, भरलेला खण तोंडाशी येतो आणि डबा वाजायला लागतो. उचलून तळहातावर उपडा केला की गोळी पडते, आवाज बंद. नाही उपडा केला तर अर्धा तास वाजत बसतो, रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकसारखा. चार पेन्सिल सेल लागतात. मुलानं पुण्याहून ऑनलाइन मागवला, 4,350 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि वस्तू वाईट नाही.

मी एसटीत होतो. 31 वर्षं, त्यातली शेवटची 14 कराड स्टँडच्या कंट्रोल केबिनमध्ये. गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, उशीर कशामुळं, हे लिहिण्यात जन्म गेला. तेव्हा वेळ पाळणारं यंत्र घरात येतंय म्हटल्यावर मी खूश. डबा माझ्यासाठी नव्हता, हिच्यासाठी होता. हिला पार्किन्सन्स होऊन यंदा अकरा वर्षं झाली. वय 66.

पहिली चार-पाच वर्षं सिंडोपानं, म्हणजे लेव्होडोपाच्या गोळीनं, सोन्यासारखी गेली. सकाळी गोळी घेतली की दिवस सुटला. मग हळूहळू गोळीचा अंमल लवकर उतरायला लागला, आणि अंमल चढला की अंग हलायला लागलं. हे हलणं कसं ते नीट सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. आधी डावा खांदा पुढं येतो. मान त्याच्या मागोमाग वळते. मग कंबर एका बाजूला जाते, पाय जमिनीवरच सरकतो, हात उगाच वर जाऊन पदर सारखा केल्यासारखं करतो आणि खाली येतो. लगेच पुन्हा, पण पहिल्यासारखं नाही, दर वेळी वेगळं. प्रीतिसंगमावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की अंग कसं धारेबरोबर डुलतं, तसं. फक्त पाणी नाही.

मी डॉक्टरांना काय सांगायचो? "हिचं हलणं वाढलंय." आपल्या भाषेत दोन्हीला हलणंच म्हणतात. पार्किन्सन्सची थरथर तीही हलणं, आणि हे डुलणं तेही हलणं. आधीचे डॉक्टर पाच मिनिटांत उरकायचे. हलणं वाढलंय ऐकलं की गोळी वाढवायचे. गोळी वाढली की डुलणं वाढायचं. मी पुन्हा जाऊन सांगायचो, हलणं वाढलंय. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तर मीच शहाणपणा केला. ही खुर्चीत एवढी हलत होती की मला वाटलं औषध कमी पडतंय, म्हणून अर्धी गोळी जास्तीची दिली. तासाभरात ती खुर्चीवरून घसरायला आली. रात्री साडेदहापर्यंत मी तिला मागून धरून बसलो होतो, घामानं तिचं पोलकं भिजलेलं. ती म्हणाली, "अहो, हे थांबवायला तुम्ही दिलंत की वाढवायला?"

पुण्याच्या नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. थरथर एका ठेक्यात असते, हात मांडीवर निवांत असताना जास्त दिसते, आणि ती बहुतेक वेळा औषध कमी पडल्याची. हे दुसरं बिनठेक्याचं, वाहतं. डिस्कायनेशिया. गोळी मेंदूत चढून शिगेला असते तेव्हाचं. गोळी तोंडात गेल्यावर साधारण तासाभरानं बघा, म्हणाले. लेव्होडोपाचा रक्तातला मुक्काम फार थोडा, दीड तासात निम्मा संपतो. सुरुवातीला मेंदू स्वतः थोडी साठवण करून चढ-उतार सांभाळून घेतो. दुखणं जुनं झालं की ती साठवणच राहत नाही, मग रक्तात जे चढतं-उतरतं ते थेट अंगात दिसतं. मला लगेच कळलं. डेपोत जादा गाड्या उभ्या असतात तोवर एखादी फेल झाली तर प्रवाशाला पत्ता लागत नाही. जादा गाड्या संपल्या की प्रत्येक बिघाड स्टँडवर दिसतो.

आता डबा का घेतला. गेल्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आमच्याच गल्लीत. ही गेली आणि तिथं हिला असं काही सुरू झालं की एक म्हातारी बाई हिच्यापुढं हात जोडून बसली. अंगात आलंय समजून. कपाळाला हळद-कुंकू लावलं, कुणीतरी कापूर शोधायला धावलं. हिला हसावं का रडावं कळेना. तोंडानं नीट बोलत होती, "अहो काकू, गोळीमुळं होतंय," पण मान अशी घुमत होती की त्यांचा विश्वास बसेना. घरी आल्यावर उलगडा झाला. कार्यक्रमात आपण आखडू नये म्हणून हिनं निघण्याआधी पाकिटातली अर्धी गोळी गुपचूप जास्त घेतली होती. तशी ती बरेच दिवस घेत होती. लग्न, बारसं, भिशी, काहीही असलं की आधी अर्धी.

मुलाला कळलं आणि एप्रिलमध्ये कुलुपाचा डबा आला.

कुलूप म्हणजे एक बारकी प्लास्टिकची चावी. ती फिरवल्याशिवाय झाकण उघडत नाही, म्हणजे खणातली पुढची गोळी आधी काढता येत नाही. गोळी जास्त घ्यायची ओढ लागणारे काही पेशंट असतात, डॉक्टरांनीही ते सांगितलं, तेव्हा कुलूप ही सोय खोटी नाही. पण हिचं तोंड दोन दिवस फुगलेलं. "मी काय चोर आहे का?" तिसऱ्या दिवशी मला म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो: "तुम्हाला माझं हललेलं दिसतं. मला माझं लाकूड झालेलं आठवतं. हललेलं चालेल, लाकूड नको." गोळीचा अंमल उतरला की हिचा पाय जमिनीला खिळल्यासारखा होतो, कुशीवर वळता येत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. पहाटे पाचला डाव्या पायाचा अंगठा वर आणि बाकीची बोटं खाली मुडपून असा पेटका येतो की डोळ्यांत पाणी येतं. त्यापुढं डुलणं तिला काहीच वाटत नव्हतं. लाज मला वाटत होती. चावी मी तिच्या स्वयंपाकघराच्या जुडग्यात अडकवली. अजून तिथंच आहे. कुलुपाचा तारा त्या भांडणाचा.

डबा आला तेव्हा हिची गोळी दिवसातून चारदा होती, दर वेळी दीड. शंभर-पंचवीसची सिंडोपा प्लस. चार वेळांना डबा उत्तम चालला. गोळी पंधरा-वीस मिनिटं मागंपुढं व्हायची ती थांबली. पण डुलणं थांबलं नाही, कसं थांबेल? डबा वेळेवर तीच दीड गोळी देत होता. गाडी वेळेवर सुटली म्हणून रस्ता बदलत नाही.

डॉक्टर म्हणाले, दर अर्ध्या तासाला काय अवस्था आहे ते तीन दिवस लिहून आणा. मी दोनशे पानी वही घेतली आणि लॉगशीटसारखे रकाने आखले. डावीकडं वेळ, मग गोळी, मग खाणं, मग अवस्था. अवस्थेला हिनंच अक्षरं ठरवली. "ला" म्हणजे लाकूड, "ठी" म्हणजे ठीक, "हे" म्हणजे हेलकावा. आणि हेलकाव्याचा त्रास होत असेल तरच पुढं फुली. ही फुली डॉक्टरांची सूचना. डुलणं आहे पण त्याचा त्रास नाही, आणि डुलण्यामुळं जेवता येत नाही, यात फार फरक आहे, आणि तो पेशंटनं सांगायचा, नवऱ्यानं नाही. तीन दिवसांची वही भरली आणि मी स्वतःच चाट पडलो. माझ्या हिशेबानं ही दिवसभर हलत होती. वहीत फुल्या फक्त दोन जागी होत्या. सकाळी साडेअकराच्या आसपास आणि दुपारी चारला. दोन्ही वेळा गोळीनंतर तासाभरानं.

वही आणि मोबाइलवर घेतलेले दोन व्हिडिओ घेऊन पुण्याला गेलो. व्हिडिओ आवश्यक आहेत. कराडहून चार तास गाडीत, खंबाटकी ओलांडेपर्यंत ही आखडलेली, आणि दवाखान्यात नंबर लागतो तेव्हा नेमकी ठणठणीत. डॉक्टरांना दिसणार काय? त्यांनी वही पाच मिनिटं वाचली आणि प्रश्न हिला विचारले, मला नाही.

गोळ्या तेवढ्याच ठेवल्या, दिवसाला सहा. फक्त वाटणी बदलली. सहा, साडेआठ, अकरा, दीड, चार, साडेसहा, नऊ. पाच वेळा अख्खी, दोन वेळा अर्धी. शिखरं बुटकी करायची आणि दऱ्या भरून काढायच्या. (हे हिचं वेळापत्रक आहे, हिच्या वहीवरून काढलेलं. कृपा करून कुणी उचलून आपल्या घरी लावू नका. काही जणांचं डुलणं गोळी चढताना आणि उतरताना होतं, बहुतेक पायात, मधे नसतं. त्यांना डोस लहान केला की उलटंच होतं असं डॉक्टरांनी बजावलंय.)

आणि इथं डबा अडला. सात वेळा गोळी, डब्याला घंट्या सहाच. पाकिटावर 28 खण ठळक लिहिलंय. घंट्या किती ते आतल्या कागदावर, मुंगीच्या अक्षरात. साताला 28 खण म्हणजे बरोब्बर चार दिवस, काय सुंदर हिशेब झाला असता. सहाला चार दिवस होऊन चार खण उरतात. पाचव्या दिवशी दीडची गोळी दिली की डबा रिकामा आणि चारला रिकाम्या खणासकट बोंबलतो. मी आता चौथ्या रात्रीच भरतो आणि उरलेले चार खण मोकळे सोडतो. नऊची गोळी मोबाइलच्या गजरावर. कंट्रोलरला हे असं अर्धं-अर्धं वेळापत्रक किती खुपतं ते त्यालाच ठाऊक.

दुसरी तक्रार मोठी. ज्याचं अंग हलतंय त्यानं हा डबा उपडा कसा करायचा? सुरुवातीच्या महिन्यात एका दुपारी हिनं दोन्ही हातांनी डबा उचलला, खांदा पुढं आला, गोळी हातावर न पडता फरशीवर टप्पे खात फ्रिजखाली गेली. मी केरसुणीचा दांडा घालून काढली, तिला एक झुरळाचा पाय चिकटलेला. आता डब्याखाली वाटी ठेवलीय. लाकडी पाटाला दोन खिळे मारून डबा तिरका बसवलाय, ही फक्त मागून ढकलते, गोळी वाटीत. पाटाचा खर्च शून्य. अशी एक बैठक कंपनीनं सोबत दिली असती तर एक तारा वाढवला असता.

अर्ध्या गोळ्यांचा चुरा होतो, पावसाळ्यात जास्त. चकती सरकताना धार घासते. अर्ध्या करताना सुरी वापरू नका, औषधाच्या दुकानात गोळी कापायचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. आणि सीआर लिहिलेली गोळी डब्यात ठेवायची असेल तर तिला चुरगाळू किंवा कुटू नका, ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते. मिक्सर चालू असला की डबा ऐकू येत नाही. सेल दोन-सव्वादोन महिने जातात, संपताना आवाज बारीक होतो, बाकी काही इशारा नाही.

डब्याबरोबर मुलानं जड चमचाही पाठवला होता, पाव किलोचा. थरथर असणाऱ्यांना तो बरा पडत असेल. डुलणाऱ्या हातात जड चमचा म्हणजे गोफण. आमटी भिंतीवर, कॅलेंडरसकट. त्याला एकही तारा नाही.

वहीतला खाण्याचा रकाना मी उगाच आखला असं वाटलं होतं, पण तोच कामाला आला. मटकीची उसळ किंवा अंडं खाल्लेल्या दिवशी अकराची गोळी लागूच पडत नव्हती, सलग "ला". प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून आत शिरायला एकच दार वापरतात, गर्दीत गोळी मागं राहते. आता गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, साध्या पाण्याबरोबर, आणि उसळ, डाळ, अंडं रात्रीच्या जेवणात. डबा यातलं काही सांगत नाही, त्याच्याकडून अपेक्षाही नाही.

वहीनं पकडलेली दुसरी गोष्ट. जूनमध्ये सगळं नीट बसलं असताना अचानक दिवसभर "हे" आणि फुल्याच फुल्या. डबा वेळेवर, गोळ्या मोजून बरोबर. चार दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं की गावाकडून आलेल्या माझ्या चुलतभावानं शक्तीसाठी म्हणून कौंचबियांचं चूर्ण आणलं होतं आणि ही सकाळ-संध्याकाळ दुधातून घेत होती. कौंच म्हणजे आपली खाजकुहिली. तिच्या बियांत मुळातच लेव्होडोपा असतो. म्हणजे डब्याच्या कुलुपाला वळसा घालून मागच्या दारानं जास्तीची गोळी चालली होती. चुलतभावाला राग आला, आयुर्वेदाला नावं ठेवतो म्हणाला. मी म्हटलं, नावं ठेवत नाही, उलट औषध खरं आहे म्हणूनच मोजून घ्यायला हवं.

सात वेळांनी फुल्या निम्म्यावर आल्या, गेल्या नाहीत. तेव्हा ऑगस्टमध्ये अमँटाडीन सुरू झालं. ही गोळी मुळात फ्लूची. अमेरिकेत साठच्या दशकात फ्लूसाठी घेणाऱ्या एका पार्किन्सन्सच्या बाईंची लक्षणं कमी झाली, तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आलं आणि 1969 मध्ये ते छापून आलं. डुलण्यावर ती चालते हे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उमगलं. शंभरची, एक सकाळी, एक दुपारी. संध्याकाळी नाही, झोप उडते. आधी किडनीची तपासणी करून घेतली. दहा दिवसांत फरक दिसला, चारच्या रकान्यात फुलीच नाही. पण महिन्याभरानं पिंढऱ्यांवर जांभळट जाळीदार नक्षी उठली, माशाच्या जाळ्यासारखी. घोटे सुजले. ते या औषधानं होतं म्हणाले, घाबरू नका. घाबरलो ते नंतर, जेव्हा ही संध्याकाळी कोपऱ्याकडं बघून म्हणाली, "त्या मांजराला दूध घाला." मांजर नव्हतं. फोन केला. एकदम बंद करू नका म्हणाले, दुपारची कमी करा. मांजर आठवड्यात गेलं. चारच्या रकान्यात आठवड्यातून एखादी फुली परत आली. ही म्हणाली, एवढी असू दे.

मेंदूत तारा घालून छातीत बॅटरी बसवायच्या ऑपरेशनचंही डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डुलणं त्यानं बरंच कमी होतं, खर्च लाखांत. हिनं विचारलं, "त्या बॅटरीचे सेल हेच बदलणार का?" आणि माझ्याकडं बोट दाखवलं. डॉक्टर हसले. तो विषय सध्या तिथंच आहे.

डबा कुणी घ्यावा? दिवसाला सहापर्यंत वेळा असतील, घरात कुणी दिवसभर नसेल, पेशंट विसरत असेल किंवा गोळ्या जास्त घेत असेल तर घ्या. वाटी आणि पाट आपला आपण करा. सहाच्या वर वेळा असतील तर आधी कागदावरचं मुंगीचं अक्षर वाचा, जास्त घंट्यांचा बघा. आणि घरात कोण नेमकं कधी हलतंय हेच माहीत नसेल तर आधी चाळीस रुपयांची वही घ्या, डबा पुढच्या महिन्यात.

या जानेवारीत पुन्हा हळदीकुंकू होतं, त्याच घरात. हिनं दोन दिवस आधी वही उघडून वेळ काढली. चारची गोळी, सव्वाचारला शांत बसणं, पाचला शिखर, म्हणून साडेपाचला निघायचं आणि साडेसहाच्या घंटेला घरी. पाकीट रिकामं आहे हे मला उघडून दाखवलं, मी मागितलं नव्हतं. परत आली तेव्हा डबा वाजतच होता. तिनं ढकलला, गोळी घेतली, पाणी प्याली आणि पेन उचललं. तिचं अक्षर आता तांदळाएवढं झालंय, चष्मा लावून वाचावं लागलं. सहाच्या रकान्यात लिहिलं होतं: हे. फुली नाही. काकूंना वाण दिलं, त्यांनी कापूर आणला नाही.